वर्गणीदार श्रोता आणि गैरहजर निवेदक

नभोवाणी ऐकणाऱ्याची एक जुनी समजूत असते : ज्याचा आवाज येतो आहे तो माणूस या क्षणी कोठेतरी जागा आहे आणि तबकडी त्यानेच लावली आहे. अमेरिकेतील उपग्रह-नभोवाणीने ही समजूत विकावयास काढली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. एक्सएम (२००१) आणि सिरियस (२००२) या कंपन्यांनी सुरू केलेला आणि २००८ मध्ये विलीनीकरणाने एकाच हाती आलेला हा व्यवसाय आज ३ कोटींहून अधिक वर्गणीदारांवर चालतो. फुकट ऐकू येणारी एफएम केंद्रे असताना श्रोत्याने पैसे का मोजावेत? कारण संगीतवाहिन्यांवर जाहिराती नाहीत आणि गाणी जाणकाराने निवडलेली आहेत, असे त्याला सांगितले जाते. यांतील पहिली गोष्ट त्याला कानांनी पडताळता येते. दुसरी येत नाही.

प्रत्यक्षात पुष्कळसे निवेदन आधीच मुद्रित केलेले असते. निवेदक संगणकापुढे बसतो, सरत्या गाण्याची अखेर आणि पुढच्याची सुरुवात ऐकतो, मधल्या जागेत मावतील अशी दोन वाक्ये बोलतो आणि लगेच पुढच्या जागेकडे वळतो. मधली गाणी त्याने ऐकलीच पाहिजेत असे नाही. त्यामुळे चार तासांच्या कार्यक्रमाचे बोलणे तासाभरात उरकू शकते, आणि सुप्रभात म्हणणारा आवाज आदल्या संध्याकाळचा असू शकतो.

एवढ्यावरून याला फसवणूक म्हणण्याची घाई करू नये. मराठी श्रोत्याने तर नाहीच. १९५२ च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ अमीन सयानी मुंबईत मुद्रित करीत आणि तिच्या फिती विमानाने कोलंबोस जात. बुधवारी रात्री रेडिओभोवती जमणाऱ्या घरांचे त्यामुळे काही बिघडले नाही. गाण्यांचा क्रम रेकॉर्डींच्या विक्रीवर आणि श्रोत्यांच्या मतांवर ठरतो, हे उघड होते. त्या क्रमावरून वादही होत. पण वाद घालता येत होता, हेच महत्त्वाचे. एक्सएमवर २००६ ते २००९ या काळात बॉब डिलन यांनी सादर केलेला ‘थीम टाइम रेडिओ अवर’ हा कार्यक्रमही मुद्रितच होता. हवामान, आई, कॉफी असा एकेक विषय घेऊन जुन्यापुराण्या तबकड्या त्यात वाजत. ज्या इमारतीतून तो प्रसारित होतो म्हणून सांगितले जाई, ती इमारतही काल्पनिक होती. तरीही त्या तासामागे कोणाची तरी आवडनिवड आहे, याविषयी शंका येत नसे.

खरा प्रश्न मुद्रणाचा नसून निवडीचा आहे. संगीतवाहिनीवर सामान्यतः निवेदक गाणी निवडीत नाही. वाहिनीचा कार्यक्रम-प्रमुख यादी ठरवतो. कोणते गाणे किती तासांनी परत यावे, एकाच गायकाच्या दोन गाण्यांत किती अंतर असावे, संथ गाण्यामागून कोणते यावे, हे नियम एकदा भरून दिले की संगणक दिवसभराचा क्रम लावून देतो. अशा कामासाठी ‘सिलेक्टर’ ही संगणकप्रणाली १९७९ पासून अमेरिकेत प्रचारात आली. त्यावर कायद्याचीही चौकट आहे. १९९८ च्या अमेरिकी कायद्यानुसार उपग्रह-वाहिनीला तीन तासांत एका अल्बममधील तीनांपेक्षा अधिक किंवा एका कलावंताची चारांपेक्षा अधिक गाणी लावता येत नाहीत, आणि पुढे कोणती गाणी लागणार याची यादी आगाऊ प्रसिद्ध करता येत नाही. श्रोत्याने गाणी ऐकता ऐकता फुकट उतरवून घेऊ नयेत, हा त्यामागील व्यापारी हेतू. तेव्हा ‘आता तुमच्यासाठी मी हे गाणे निवडले आहे’ या वाक्यातील ‘मी’ पुष्कळदा नाममात्र असतो.

या व्यवसायाचे अर्थकारण सरळ आहे. उपग्रहाचा खर्च अवाढव्य आणि स्थिर. पुढच्या प्रत्येक श्रोत्याचा खर्च जवळजवळ शून्य. भारतात याचा अनुभव येऊन गेला आहे. वर्ल्डस्पेसचे बहुसंख्य वर्गणीदार भारतीय होते. परंतु उपग्रहांत ओतलेले भांडवल आणि वर्गणीचे उत्पन्न यांचा मेळ कधीच बसला नाही. २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, २००९ च्या अखेरीस येथील सेवा बंद पडली आणि लोकांनी हौसेने घेतलेले संच निकामी झाले. उपग्रहाच्या खर्चाला कात्री लावता येत नाही. पगाराला लावता येते. एका निवेदकाचा तासाभराचा आवाज तीन वाहिन्यांवर पसरला की दोन निवेदक अनावश्यक ठरतात. त्यांना काढल्याचे श्रोत्याला कळत नाही, आणि वर्गणीही कमी होत नाही.

पुढची पायरी तर मुद्रणालाही माणूस नको ही आहे. जून २०२३ मध्ये ओरेगन राज्यातील पोर्टलंडच्या एका एफएम केंद्राने आपल्याच निवेदिकेच्या आवाजाची यंत्रनिर्मित प्रतिकृती प्रक्षेपणात आणली. निदान ती प्रतिकृती आहे हे त्या केंद्राने लपविले नाही. वर्गणी घेणाऱ्यांनी एवढे तरी करावे : कार्यक्रम मुद्रित असल्यास तसे सांगावे, गाणी निवडणाऱ्याचे नाव निवेदकाच्या नावाबरोबर घ्यावे, आणि निवेदकाचा मोबदला त्याने मुद्रणास घालविलेल्या तासावर नव्हे, तर त्याचा आवाज किती तास आणि किती वाहिन्यांवर वापरला गेला यावर ठरवावा.