शेंड्याने मान टाकली की...

"वांगी काय, बाजारात ढिगाने मिळतात," असे म्हणत मी परसात तुळस नि अबोलीवरच भागवत होते. पण चंपाषष्ठीच्या भरिताला घरचे वांगे असावे, ही सासूबाईंची फार दिवसांची हौस. म्हणून गेल्या वर्षी आषाढात वाफ्यात बी टाकले आणि महिन्या-सव्वा महिन्याने सहा रोपे दोन-दोन फुटांवर लावली.

झाडे तरारली. मग एकेक शेंडा मान टाकू लागला. मला वाटले, पाणी कमी पडतेय. शाळेतून आले की आधी बादलीभर पाणी! पुढे वांगी धरली, दिसायला कशी तुकतुकीत. चंपाषष्ठीला सकाळी भाजण्यापूर्वी चीर देऊन पाहिली, तर एकूण एक किडकी! नैवेद्याला बाजारचीच वांगी आणावी लागली. सासूबाई बोलल्या काही नाहीत, पण मलाच मेलीला रडू कोसळायचे बाकी होते.

शेजारणीने फवारायचे औषध देऊ केले. पण धाकटा सारखा त्या झाडांशी खेळणार आणि वांगी तर दोन-तीन दिवसांआड तोडायची. म्हटले, घरात विष नको. शिवाय अळी एकदा फळात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचतो कुठे?

खरे तर ती आधी कोवळ्या शेंड्यात शिरते, फळात नंतर. शेंडा सुकणे ही तिची वर्दी. म्हणून यंदा मी जागा बदलली. टोमॅटो-मिरचीचा जुना वाफाही टाळला, कारण ती वांग्याचीच भावंडे. दर बुधवारी नि रविवारी झाडे न्याहाळते. मलूल शेंडा दिसला की छिद्राच्या बोटभर खाली कापते. देठ आतून पोकळ दिसला तर आणखी खाली. चिरून पाहा, आत गुलाबीसर अळी सापडेल. हे शेंडे नि किडकी फळे खतखड्ड्यात मुळीच टाकू नका, साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. शेंडा कापला म्हणून जीव हळहळू देऊ नका, बाजूने नव्या फांद्या फुटतात.

यंदाही चार-दोन किडकी निघालीच, खोटे कशाला सांगू? पण नैवेद्याची वांगी सासूबाईंनी स्वतःच्या हाताने तोडली. चीर देताना मी मात्र डोळे मिटून घेतले होते!