फुकट वाजवणं ही चळवळ नाही, वेठबिगार आहे

कुठल्याही जयंती मंडळाच्या खर्चाचा कागद मागून बघा. मंडप, ट्रस, एलईडी वॉल, जनरेटर, डीजे, बॅनर, फटाके, जेवण, पाहुण्यांची गाडी, शाली, नारळ. प्रत्येकासमोर आकडा आहे आणि बहुतेकांना आगाऊ रक्कम पोचलेली आहे. सगळ्यात खाली, जागा उरली असेल तर, एक ओळ असते : "गाणारी मुलं – बघू."

हे "बघू" म्हणजे आम्ही.

आम्ही म्हणजे ठाणे जिल्ह्यातला पाच जणांचा एक स्थानिक रॉक बँड. मी बेस गिटार वाजवतो आणि आठवडाभर वस्त्यांमध्ये समाजकार्याची नोकरी करतो. आमचा ड्रमर कुरिअर पोचवतो, लीड गिटारवाला मोबाइल दुरुस्त करतो, कीबोर्डवाला शिकवण्या घेतो, गायिका दवाखान्यात नोकरी करते. गाणी आमची स्वतःची आहेत : नालेसफाईवर, शिष्यवृत्ती रखडण्यावर, भाड्याच्या घरासाठी आडनाव विचारण्यावर. "रॉक स्टार" हा शब्द ऐकला की आम्हाला हसू येतं, कारण आमच्यातला सगळ्यात मोठा स्टार शेवटची लोकल पकडण्यासाठी ड्रमच्या झांजा पाठीवर टाकून पळत असतो.

या आयुष्यात करमणूक भरपूर आहे. मी बेस वाजवतो म्हटलं की कार्यकर्ता विचारतो, "किती बेस, किती टॉप?" डीजेच्या भिंतीपलीकडे बेस म्हणजे काही असतं, हे त्याला पटवताना अर्धा कार्यक्रम निघून जातो. साउंडवाला माझ्या गिटारकडे बघून म्हणतो, "याला चारच तारा? दोन तुटल्या काय?" मिक्सरवरचे चांगले माइक भाषणवाल्यांसाठी राखून ठेवलेले असतात, त्यामुळे आमच्या गायिकेच्या वाट्याला येतो तो माइक तिच्यापेक्षा जास्त शिट्ट्या मारतो. प्रमुख पाहुणे सातला येणार म्हणून नऊला येतात. "दोनच शब्द बोलतो" म्हणतात आणि चाळीस मिनिटं बोलतात. मग रात्री दहाचा नियम आठवतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, पण ते मंडळाला आठवतात बरोबर आम्ही गिटार गळ्यात अडकवल्यावर. "दादा, एकच गाणं घ्या, पोलीस आलेत." एक गाणं होतं, शाल मिळते, स्मृतिचिन्ह मिळतं. माझ्या घरात अशी सतरा स्मृतिचिन्हं आहेत. घरमालकाला विचारून पाहिलं, तो भाड्यात स्मृतिचिन्ह घेत नाही.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं नाही.

पैशाचा विषय काढला की एक वाक्य हमखास येतं : "समाजाचं काम आहे, पैसे काय मागता?" जनरेटरवाल्याला हे वाक्य कुणी ऐकवत नाही. डीजेवाल्याला ऐकवलं तर तो गाडीच उतरवणार नाही. ज्याचं यंत्र आहे त्याला दर आहे. ज्याचं फक्त अंग, गळा आणि बुद्धी आहे, त्याला भावना आहे. हा हिशोब आपल्याला नवा वाटत असेल तर आपण आपला इतिहास नीट वाचलेला नाही.

महारकीचं वतन म्हणजे काय होतं? काम अमर्याद आणि मोबदला अनिश्चित. हाक येईल तेव्हा जायचं, दिवस असो की रात्र. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणी तरी जायचं. मोबदल्यात इनामाचा तुकडा आणि गावकऱ्यांच्या मर्जीवर मिळणारं बलुतं. १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेवर सरकारी शिक्का मारला होता. बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत'मधून त्यावर झोड उठवली आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. कामाचं स्वरूप ठरवा, मोबदला ठरवा, हा त्या लढ्याचा गाभा होता. तेव्हा आपल्यातल्याच काही जणांना वतन सुटू नये असं वाटत होतं, कारण ते त्यांना हक्क वाटत होतं, मान वाटत होतं. वतनं कायद्याने संपली ती १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

आता "मानधन" हा शब्द बघा. मान व्यासपीठावर मिळतो, धन डीजेच्या गाडीतून जातं. वेळ ठरलेली नाही, रक्कम ठरलेली नाही, नकार दिला तर "समाजद्रोही". वतनामागे जातीची सक्ती होती, मंडळामागे ती नाही. आम्ही नाही म्हणू शकतो. फरक मोठा आहे, तो मी पुसत नाही. पण कष्टाचा दर न ठरवता मान दाखवून काम काढून घेण्याची जी सवय आहे, ती त्याच घरातली आहे. बाबासाहेबांच्या फोटोसमोर ती चालवणं तर फारच लाजिरवाणं आहे.

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत.

पहिला आक्षेप : "आपल्या शाहिरांनी कधी पैसे मागितले?" सत्यशोधक जलशांपासून भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांपर्यंत आणि पुढे वामनदादांपर्यंत आपली परंपरा आहे, आणि आम्ही तिचेच वारस म्हणवतो. जलशाचं मोल भाषणांपेक्षा जास्त धरणारं एक वाक्य बाबासाहेबांच्या नावावर प्रत्येक संयोजक सांगतो. मग सांगून झाल्यावर भाषणाला चाळीस मिनिटं आणि गाण्याला पाच मिनिटं देतो. अण्णाभाऊ साठ्यांची गाणी आणि कादंबऱ्या सातासमुद्रापार गेल्या, ते स्वतः १९६९ साली हलाखीत गेले. विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपुरात दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळले. कलाकाराने मंचावर प्राण ठेवावा हे आपल्याला फार भावतं. त्याने मंचावर जगावं, याची सोय करायला मात्र आपल्या सभेत ठराव येत नाही. पूर्वजांच्या गरिबीला आपण त्याग म्हणतो. त्यातला किती त्यांनी निवडला होता आणि किती आपण त्यांच्यावर टाकला होता, हे एकदा तरी विचारायला नको का?

दुसरा आक्षेप : "वस्ती गरीब आहे." जिथे खरंच गरीब आहे तिथे आम्ही प्रवासखर्चावर आणि पिठलं-भाकरीवर वाजवलं आहे, पुढेही वाजवू. पण ज्या मंडळाच्या डीजेचं एका रात्रीचं भाडं आमच्या ड्रमरच्या काही महिन्यांच्या पगाराएवढं आहे, त्याने गरिबीचं कारण सांगू नये. वर्गणी वस्तीतल्या धुणी-भांडी करणाऱ्या बायांकडूनही घेतलेली असते. तो पैसा कानठळ्या बसवणाऱ्या भिंतीत जातो, गाणं लिहिणाऱ्या पोराकडे जात नाही. हा गरिबीचा प्रश्न नाही, प्राधान्याचा आहे.

तिसरा आक्षेप ज्येष्ठांकडून येतो : "हे गिटार-बिटार आपली संस्कृती नाही. पेटी-ढोलकी आणा." ज्येष्ठांना जयभीम करून सांगतो, पेटीही आपली नव्हती. हार्मोनियम युरोपातून आली आणि आकाशवाणीने तिला १९४० पासून १९७१ पर्यंत दारातही उभं केलं नव्हतं. आपल्या मिरवणुकांचा जीव असलेला बेंजो? बटणं दाबून वाजवायचं ते वाद्य जपानच्या ताइशोगोतोचं भावंडं आहे. वाद्याची जात बघायची सवय आपली नाही, ती ज्यांची आहे त्यांना परत देऊन टाकू.

आणि रॉकचं म्हणाल, तर हे संगीत गोऱ्या सायबाचं नाही. कापसाच्या शेतात राबवलेल्या गुलामांच्या नातवंडांनी ते घडवलं. सिस्टर रोझेटा थार्प नावाची काळी बाई चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवत होती, तेव्हा एल्व्हिस शाळकरी पोर होता. 'हाउंड डॉग' हे गाणं १९५२ साली बिग मामा थॉर्नटनने ध्वनिमुद्रित केलं. १९५६ साली तेच गाऊन एल्व्हिस प्रेस्ली जगभर पोचला. थॉर्नटनच्या सांगण्याप्रमाणे तिला मिळाला ५०० डॉलरचा एक चेक. कष्ट एकाचे आणि मालकी दुसऱ्याची, ही गोष्ट आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं, १९७२ साली आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर उभी केली. मग त्याच माणसांची गिटार आपल्या खांद्यावर आली तर संस्कृती कशी बुडते?

"मग पब आणि कॉलेज फेस्टिव्हलमध्ये जा ना, तिथे पैसे आहेत." गेलो. तिथे आडनाव थेट विचारत नाहीत, "तुमची गाणी जरा जास्तच अँग्री आहेत" असं म्हणतात. "राजकीय नको, चिल काहीतरी वाजवा." नालेसफाईत गुदमरून माणसं मरतात, त्यावर चिल काय वाजवायचं? त्या जगात गिटार महागड्या शाळेत आणि घरच्या रिकाम्या खोलीत शिकली जाते. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. आमच्याकडे रिकामी खोली नाही, म्हणून तासाला चार-पाचशे रुपये देऊन जॅमपॅड घ्यावा लागतो. बेसच्या तारांचा संच दीड-दोन हजारांचा. एका बाजूला आम्हाला गप्प करून पैसे देणारं जग आणि दुसऱ्या बाजूला टाळ्या देऊन पैसे न देणारा आपला समाज. या दोघांच्या मध्ये आंबेडकरी बँड मोडतात. भांडणं होऊन मोडत नाहीत. ड्रमरला रविवारची पाळी लागते, गायिकेचं लग्न ठरतं, गिटार विकली जाते आणि गाणी मोबाइलच्या मेमरीत पडून राहतात.

लग्नावरून आठवलं. "मुलगा बँडमध्ये आहे" म्हटलं की सोयरे विचारतात, "वरातीच्या बँडमध्ये?" त्या हसण्यात काय दडलंय ते ओळखा. गावगाड्यात वाजवणं हे मांग, होलार अशा जातींच्या माथी मारलेलं काम होतं. चामडं कमावणारा, वाद्य मढवणारा, वाजवणारा खाली. पाटावर बसून ऐकणारा वर. सतार वाजवणारा पंडित होतो, हलगी वाजवणारा "ए वाजंत्री" राहतो. वरातीत तोंड दुखेपर्यंत क्लॅरिनेट फुंकणारा माणूस आमच्यासारखाच कलाकार आहे. त्याच्याकडे तुच्छतेने बघायचं आणि आमचं "प्रबोधन" म्हणून कौतुक करायचं, हा ब्राह्मणी मोजमापाचाच गज आहे. तो मोडायचा तर आधी कष्टाला दर द्यावा लागेल, दोघांच्याही.

हे अशक्य नाही. २०१७ साली चेन्नईत पा. रंजित यांचं नीलम कल्चरल सेंटर आणि संगीतकार तेन्मा यांनी 'कास्टलेस कलेक्टिव्ह' उभा केला. गाणा गाणारी पोरं, रॅपवाले, रॉकवाले, असे १९ जण जानेवारी २०१८ मध्ये कोट घालून मंचावर आले आणि तामिळनाडूला जातीवर बोलायला लावलं. तिथे प्रतिभा होती, तशी आपल्याकडेही आहे. मुंबईत 'धम्म विंग्ज'ने बुद्ध आणि बाबासाहेब रॉकमध्ये आणले ते काही कुणाच्या कृपेने नव्हे. तिकडे जास्तीचं काय होतं? पाठीशी एक संस्था होती. आपल्याकडे गल्लोगल्ली मंडळं आहेत, पण बँडला सरावासाठी विहाराची खोली मागितली तर "आवाज होईल" म्हणतात. वर्षातून एकदा खिडक्यांच्या काचा थरथरवणाऱ्या डीजेने मात्र आवाज होत नाही!

म्हणून जयंती मंडळांतल्या आणि संघटनांतल्या माझ्या वयाच्या कार्यकर्त्यांपुढे या मागण्या ठेवतो. वर्गणीच्या पहिल्या बैठकीत त्या मांडा.

१. खर्चाच्या कागदावर कलाकारांची ओळ डीजेच्या वर लिहा, आकड्यासकट. "बघू" हा आकडा नाही.

२. रक्कम, वेळ आणि साउंडची व्यवस्था लेखी ठरवा. निम्मी रक्कम आगाऊ द्या, जशी मंडपवाल्याला देता.

३. गाणी भाषणांच्या आधी ठेवा. पाहुणे उशिरा आले तर भाषण कापा.

४. महिला कलाकार रात्री घरी कशा पोचणार, हे ठरवणं मंडळाची जबाबदारी आहे. त्यांच्या नशिबावर सोडू नका.

५. बॅनरवर देणगीदारांचे बारा चेहरे असतात, तिथे कलाकारांची नावंही छापा.

६. विहारातली एक खोली आठवड्यातून दोन संध्याकाळ सरावाला द्या.

आणि बँडवाल्या मित्रांनो, आपलीही बाजू आहे. दर मागायचा तर माल खणखणीत द्यावा लागेल. सिनेमाच्या चालीत नाव बदलून बसवलेलं भीमगीत आणि मागे कराओकेचा ट्रॅक, याला दर मागू नका. वेळेवर या, सराव करून या, स्वतःचं लिहा. फुकट जाऊन दुसऱ्या बँडचा भाव पाडू नका. आपण एकत्र बसून किमान दर ठरवला, तर "तो फुकट येतोय" हे हत्यार मंडळांच्या हातातून जाईल. संघटित व्हा, हे आपणही मानायचं असतं.

गाणं बंद पडलं की चळवळ लगेच थांबत नाही, हे खरं. आधी फक्त तिचा आवाज ज्याच्याकडे स्पीकर भाड्याने आहे त्याच्या हातात जातो. आज आपल्या मिरवणुकीत कोणतं गाणं वाजणार हे डीजेचा पेनड्राइव्ह ठरवतो. तो पेनड्राइव्ह काल दुसऱ्याच मिरवणुकीत होता, उद्या तिसऱ्याच पक्षाच्या प्रचारात असेल. त्याला त्याचे पैसे कुणी दिले एवढंच कळतं. आमच्या गाण्यांना तुम्ही कोण आहात हे माहीत आहे. त्यांची किंमत चुकती करा.

जय भीम!