डोळ्याचा नंबर आधी, साइट मागाहून

अमेरिकेतल्या रायफलवाल्यांमध्ये नेम धरायच्या छोट्या प्रिझम साइटवरून जी हमरीतुमरी चालते, ती दोन्ही बाजूंनी ऐकण्यासारखी आहे. एक जण सांगतो, इतकी स्वच्छ खूण मला दुसऱ्या कुठल्याच साइटमध्ये दिसत नाही. दुसरा तीच साइट हातात घेऊन म्हणतो, यातून बघणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा आहे. दोघेही मनापासून बोलत असतात आणि दोघांचंही खरं असतं. साइट एकच असली तरी तिच्यामागचे डोळे वेगळे आहेत. या वादात काचेची, बॅटरीची, किमतीची चर्चा हवी तेवढी होते. डोळ्यांची मात्र शेवटी, पैसे खर्च झाल्यावर होते. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

गोष्ट सुरू होते रेड डॉटपासून. एका बारीक एलईडीचा प्रकाश वक्र काचेवर पडतो, काचेवरचा लेप तेवढा लाल रंग डोळ्याकडे परत पाठवतो आणि बाकीचं दृश्य आरपार दिसतं. स्वीडनच्या एमपॉइंटने 1975 च्या सुमारास अशी साइट बाजारात आणली. डोळा किती अंतरावर ठेवायचा याचं बंधन नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, नेम झटकन लागतो. पण ज्याला सिलिंडरचा नंबर आहे, म्हणजे ज्याच्या बुबुळाचा बाक सगळीकडून सारखा नाही, त्याला हा ठिपका ठिपक्यासारखा दिसतच नाही. कुणाला तो स्वल्पविरामासारखा दिसतो, कुणाला त्याला शेपूट फुटल्यासारखी वाटते, कुणाला एकाच्या जागी तीन-चार ठिपके दिसतात. 2 एमओएचा ठिपका 100 यार्डांवर साधारण 2 इंच जागा झाकतो. तो असा पसरला की नेमका कुठे धरायचा तेच कळत नाही. उजेड वाढवला तर पसारा वाढतो, आणि कमी केला तर दुपारच्या उन्हात ठिपका गायब होतो.

असा ठिपका पाहून साइटच सदोष आहे असं ठरवणारे पुष्कळ भेटतात. खरं-खोटं करायला दोन मिनिटं लागतात. रायफल रिकामी असल्याची खात्री करायची, साइटमागे मोबाइलचा कॅमेरा धरायचा आणि फोटो काढायचा. फोटोत ठिपका गोल आला तर दोष बहुतेक आपल्या डोळ्यात आहे. दुसरी युक्ती म्हणजे मान एका बाजूला कलती करायची. ठिपक्याची शेपूटही मानेबरोबर फिरली, तर चष्म्याच्या दुकानाची वाट धरावी.

प्रिझम साइट वेगळ्या जातीची. ती मुळात दुर्बीणच आहे. साध्या स्कोपमध्ये उलटी प्रतिमा सुलटी करायला भिंगांची जोडी लागते आणि नळी लांबते. इथे ते काम प्रिझम करतं, त्यामुळे सगळा ऐवज मुठीत मावेल एवढा होतो. नेमाची खूण काचेवर कोरलेली असते. बॅटरी संपली तरी ती काळी रेघ जागच्या जागी असते, आणि सिलिंडरवाल्याच्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका जितका फाटतो तितकी कोरलेली काळी रेघ फाटत नाही.

या घराण्यातलं सगळ्यांत मोठं नाव ट्रिजिकॉनची अॅकॉग. ग्लिन बिंडन यांच्या या कंपनीने 1987 मध्ये ती आणली. चौपट मोठं दाखवणारी, समोरचं भिंग 32 मिलिमीटरचं. पुढच्या नमुन्यांत दिवसा फायबर ऑप्टिक आणि रात्री ट्रिटियम खूण उजळतं, बॅटरीचा संबंधच नाही. बिंडन यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून ती वापरायची रीतही दाखवली. अमेरिकेच्या मरीन्सनी 2004 मध्ये ती आपल्या रायफलींसाठी घेतली आणि तिचं नाव झालं. पण तिचं आय रिलीफ, म्हणजे साइटपासून डोळा ठेवायचं अंतर, दीड इंच. दीड इंच म्हणजे डोळा जवळजवळ साइटला टेकवायचा. चष्मा असेल तर काच साइटवर घासते, आणि डोळा थोडा मागे किंवा बाजूला सरकला की कडेने काळी कोर चढू लागते आणि दृश्य चंद्रकोरीएवढं उरतं. तिच्यात खूण स्वतःच्या डोळ्याप्रमाणे स्पष्ट करून घ्यायची सोयही नाही. विशीतल्या सैनिकाचं त्यावाचून अडलं नाही. चाळिशी लागलेल्या माणसाचं अडतं.

नव्या छोट्या साइट्स नेमक्या याच जागी पुढे गेल्या आहेत. टेक्सासच्या प्रायमरी आर्म्सची मायक्रोप्रिझम, व्होर्टेक्सची स्पिटफायर यांच्या मागच्या भिंगाला फिरवण्याची कडी असते. साध्या आकाशाकडे साइट धरून ती फिरवायची, खूण काळीभोर झाली की थांबायचं. मात्र एक गैरसमज फार पसरलाय, तो इथेच दूर केला पाहिजे: या कडीने सिलिंडरचा नंबर जात नाही. ती फक्त जवळचा-लांबचा नंबर जुळवते. सिलिंडर मोठा असेल तर बारीक रेषा एका दिशेने पुसट दिसतातच, आणि अंधारात खूण लाल करून पाहिली तर तिलाही थोडी पिसं फुटतात.

जे नाराज आहेत त्यांचं म्हणणंही मला पटतं. एकपट प्रिझम हे नावापुरतंच एकपट असतं. कडेला दृश्य किंचित वाकतं, काचेच्या गोळ्यातून पाहिल्यासारखं. मूळच्या निरोगी डोळ्याच्या माणसाने रेड डॉट सोडून हे वजन आणि हा आय बॉक्स, म्हणजे डोळा ठेवायची ही अरुंद जागा, का सोसावा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्याने सोसू नये. पाचपट प्रिझम घेऊन जवळच्या लक्ष्यावर घाई करणाऱ्यालाही मी तेच सांगेन. माझ्या मते या जातीचं खरं काम तिप्पट मोठेपणावर दिसतं. खूण स्पष्ट, लक्ष्य ओळखता येतं, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. आणि ज्याचा ठिपका फाटतो त्याच्यासाठी एकपटही सार्थकी लागते.

आता प्रिझमचे दिवस गेले, असंही म्हटलं जातं. मरीन्सनीच 2020 मध्ये अॅकॉगच्या जागी 1 ते 8 पट बदलता येणारी साइट निवडली, हा त्यासाठी पुरावा दिला जातो. सैन्याचा निर्णय सैन्याच्या गरजेने झाला. रविवारी मैदानावर जाऊन गोळ्या एका जागी बसवू पाहणाऱ्या माणसाने त्यावरून आपली साइट ठरवणं मला चुकीचं वाटतं. बदलत्या मोठेपणाचा स्कोप लांब असतो, जड असतो.

आपल्या मुलांच्या स्पर्धांत यातलं काहीच चालत नाही. आयएसएसएफच्या रायफल प्रकारांत भिंग असलेली साइट निषिद्ध आहे. मागे पीप, पुढे कडं, बस. 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती ठरलेली तेजस्विनी सावंत असो की 2024 मध्ये पॅरिसला कांस्य जिंकणारा स्वप्निल कुसाळे, कोल्हापूरच्या या दोघांनीही 50 मीटरवरचं 10.4 मिलिमीटरचं दहाचं वर्तुळ बिनभिंगाच्या साइटमधून शोधलं. म्हणजे इथे तर सगळा भार डोळ्यावर. पीपचं बारीक भोक डोळ्याचा बराच दोष झाकतं, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. मूल संध्याकाळी थकलं की काळा गोल धूसर होतो, गुण घसरतात, आणि प्रशिक्षक ट्रिगरवर बोट ठेवतात.

रेंजवर नाव घालताना रायफल, जॅकेट, हातमोजे यांची यादी पालकांच्या हातात पडते. त्या यादीत पहिल्या ओळीवर नेत्रतपासणी हवी, आणि तीही नेहमीसारखी सरळ बसवून केलेली नको. नेम धरताना मान कलते आणि त्याबरोबर सिलिंडरचा अक्षही फिरतो. शिवाय नजर रोजच्या चष्म्याच्या मधोमध न पडता नाकाजवळच्या कोपऱ्यातून जाते. नेमबाजीच्या चष्म्याची एकच काच कडीवर फिरती ठेवलेली असते ती याचसाठी. तेव्हा मुलाला जॅकेट घालून, रायफल खांद्याला लावल्याच्या पवित्र्यात उभं करावं, मग काच बसवावी, आणि तो वाढत्या वयाचा आहे तोवर दर हंगामाआधी ती पुन्हा तपासावी.