छपाई बंद, तरी शाई संपते कशी?

आपल्या व्यापारी बांधवांची अशी समजूत आहे, की छपाई कमी केली म्हणजे शाई वाचते. लेझर यंत्राच्या बाबतीत हे खरे आहे. इंकजेट प्रिंटरचा हिशोब मात्र वेगळा आहे. ज्या दुकानात हे यंत्र महिन्यातून एक-दोनदाच चालते, तिथे बरीचशी शाई कागदावर न उमटताच संपते. ती कुठे जाते आणि ती वाचवण्याचा स्वस्त इलाज कोणता, हे आज मांडावे असे आम्हाला वाटते.

1 जुलै 2017 पासून जीएसटी लागू झाला आणि लहान दुकानांतही संगणकाचे बिल आले. साडीच्या खोक्यावरचे लेबल, ड्रेस मटेरियलच्या डिझाइनचा रंगीत नमुना, दरपत्रक, अशा कामांसाठी अनेकांनी रंगीत इंकजेट घेतले. पण आपला धंदा सीझनचा. लग्नसराईत आणि रमजानमध्ये यंत्राला उसंत नसते, नंतर ते आठवडेच्या आठवडे झाकून पडते. मग एखादा गिऱ्हाईक नमुना मागतो, तेव्हा पानावर पांढऱ्या रेघा उमटतात आणि लाल रंग गायब असतो.

याचे कारण साधे आहे. प्रिंटरच्या हेडमध्ये शाई बाहेर पडण्याची शेकडो छिद्रे असतात. त्यांना नोझल म्हणतात. एकेक छिद्र माणसाच्या केसापेक्षाही बारीक असते. शाईत मुख्यतः पाणी असते. यंत्र पडून राहिले की छिद्राच्या तोंडाशी असलेले पाणी उडते आणि रंग घट्ट होऊन तिथेच बसतो. मालेगाव, सोलापूर येथील एप्रिल-मेच्या कोरड्या, तापलेल्या दिवसांत हे आणखी लवकर घडते. डाय शाई पुन्हा थोडी तरी विरघळते. पिग्मेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ती एकदा सुकली की सहजासहजी सुटत नाही.

स्क्रीन छपाई करणाऱ्या कारागिरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पाण्याचा रंग जाळीवर तसाच ठेवून कारागीर जेवायला गेला, तर परत येईपर्यंत जाळी भरते. म्हणून शहाणा कारागीर उठण्याआधी जाळी धुतो, किंवा काम चालू असताना तिच्यावर रंगाचा हात फिरवून ती ओली ठेवतो. सुकलेली जाळी घासत बसण्यापेक्षा ती सुकू न देणे स्वस्त पडते, हे त्याला कोणी शाळेत शिकवलेले नसते. प्रिंटरचे हेडही अशीच एक जाळी आहे, फक्त फार बारीक.

आता शाई कुठे जाते ते पाहू. रेघा दिसल्या की आपण ‘हेड क्लीनिंग’चे बटण दाबतो. त्या वेळी यंत्रातला छोटा पंप नोझलमधून शाई जोराने ओढून घेतो. ही शाई कागदावर येत नाही, यंत्राच्या पोटात असलेल्या कापसासारख्या पॅडमध्ये जिरते. अनेक यंत्रांत एकच रंग अडकलेला असला तरी सगळ्या रंगांची शाई ओढली जाते. एकदा दाबून भागले नाही की माणूस दुसऱ्यांदा दाबतो, मग तिसऱ्यांदा. ‘पॉवर क्लीनिंग’ची पाळी आली तर नळ्यांतली शाईसुद्धा खेचली जाते. असे करता करता पॅड भरते आणि यंत्र संदेश देऊन काम थांबवते. काही नव्या यंत्रांत पॅडचा डबा घरी बदलता येतो. बाकीच्यांना दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढावी लागते. म्हणजे शाईचे पैसे गेले, दुरुस्तीचे गेले आणि गिऱ्हाईक ताटकळले ते वेगळेच.

आमचे म्हणणे असे आहे, की हा खर्च बहुतांशी टाळता येतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, सगळ्या रंगांचे एक छोटेसे पान छापावे. शाई छिद्रांतून वाहती राहिली की सुकण्याचा प्रश्नच कमी होतो.

यावर लगेच प्रश्न येईल, की विनाकारण पान छापणे हीच उधळपट्टी नव्हे काय? तर हिशोब करून पाहावा. एप्सनच्या 003 क्रमांकाच्या काळ्या शाईच्या बाटलीत 65 मिलीलीटर शाई असते आणि तिच्यात सुमारे 4500 पाने निघतात, असे कंपनी सांगते. या हिशोबाने वर्षाची 52 पाने छापली तरी पाऊण मिलीलीटर शाई लागते. आमच्या पानावर तर प्रत्येक रंगाची एक सेंटीमीटर उंचीची एकच पट्टी असते. ती ए-फोर कागदाचा जेमतेम शंभरातला तीनवा हिस्सा व्यापते. म्हणजे शाई आणखी कमी. कागदही नवा लागत नाही. बाद झालेल्या बिलाची कोरी बाजू चालते, आणि एकच कागद फिरवून दोन-तीन आठवडे वापरता येतो. क्लीनिंगचे बटण वारंवार दाबण्याशी या खर्चाची बरोबरीच होऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न, हे काम लक्षात कोण ठेवणार? आमचे मत स्पष्ट आहे. माणसाच्या आठवणीवर ते सोपवू नये. मालक मालाच्या खरेदीत, मुनीम वसुलीत, नोकर गिऱ्हाइकात. पहिले दोन आठवडे पान निघते, तिसऱ्या आठवड्यात विसर पडतो. संगणक विसरत नाही, म्हणून हे काम त्याच्याच गळ्यात घालावे.

विंडोजच्या प्रत्येक संगणकात ‘टास्क शेड्युलर’ नावाची सोय आधीपासूनच असते. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. तिथली भाषा इंग्रजी आहे. आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांना ती पाहून थोडा संकोच होतो, पण विचारलेले प्रश्न मोजकेच आहेत. कामाचे नाव काय, किती दिवसांनी, कोणत्या वारी व किती वाजता, आणि कोणता प्रोग्राम चालवायचा. आधी चार पट्ट्यांचे चित्र काढून जतन करावे. मग प्रोग्राम म्हणून ‘पेंट’ निवडावा आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘पीटी’ ही इंग्रजी अक्षरे, चित्राच्या फाइलचा पत्ता व प्रिंटरचे नाव लिहावे. वेळ अशी निवडावी, की दुकान उघडे आणि दोन्ही यंत्रे चालू असतील. शुक्रवारी दुपारी दुकान बंद ठेवणाऱ्यांना शनिवारी सकाळी 11 ची वेळ सोयीची पडेल. वीज गेल्यामुळे वेळ चुकली तर संगणक सुरू होताच काम उरकावे, अशी खूण करण्याची जागाही तिथेच आहे. ती खूण जरूर करावी. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी हे सगळे पंधरा मिनिटांत करून देईल.

पानाविषयी एक खबरदारी. पट्ट्या चारही मूळ रंगांच्या हव्यात, म्हणजे निळा सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा आणि काळा. नुसते काळ्या मजकुराचे पान छापले तर रंगीत नोझल कोरडेच राहतात. कागदाचा प्रकार ‘साधा’ ठेवावा, कारण फोटो कागद निवडला की काही यंत्रे काळी पिग्मेंट शाई वापरतच नाहीत. निघालेले पान नोकराने पाहून मग बाजूला ठेवावे. एखादी पट्टी तुटक दिसली तर एकदाच क्लीनिंग करावे. एप्सनच्या टाकीवाल्या यंत्रांच्या पुस्तिकेत तीन वेळा करूनही भागले नाही तर 12 तास थांबण्यास सांगितले आहे. ते ऐकावे.

दुसरी खबरदारी स्विचची. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावा. तसे केल्याने हेड आपल्या जागी जाऊन रबरी झाकणाखाली बसते. रात्री दुकान बंद करताना मेन स्विच एकदम ओढला, तर हेड उघडे राहू शकते. शिवाय वारंवार वीज तोडल्यावर पुन्हा सुरू होताना अनेक यंत्रे आपणहून क्लीनिंग करतात आणि त्यातही शाई जाते. ईदच्या सुट्टीत दुकान आठ-दहा दिवस बंद राहणार असेल, तर निघण्याच्या दिवशी एक पान काढून बटणाने यंत्र बंद करावे आणि दुकान उघडताच पहिले काम म्हणून दुसरे पान काढावे.

हा इलाज सगळ्यांसाठी नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्यांच्याकडे रोज रंगीत छपाई होते, त्यांना याची गरज नाही. ज्यांना फक्त काळी बिले काढायची आहेत, त्यांनी पुढचे यंत्र लेझर घ्यावे. त्यात भुकटी असते, ती सुकत नाही. कापडावर डिजिटल छपाई करणाऱ्या मोठ्या यंत्रांत ठराविक वेळाने थोडी शाई उडवण्याची सोय कारखान्यातूनच केलेली असते. म्हणजे जी युक्ती लाखोंच्या यंत्राला लागू आहे, तीच काही हजारांच्या यंत्राला आपण स्वतः लावायची आहे.

कापडाच्या धंद्यात आज मीटरमागे सुटणारा नफा किती थोडा आहे, हे आपण सगळेच जाणतो. ताग्यातला वीतभर तुकडा वाया गेला तर आपण कारागिराला जाब विचारतो. तोच डोळा यंत्राच्या पोटात जिरणाऱ्या शाईकडेही वळवावा. येत्या शनिवारी संगणकासमोर पंधरा मिनिटे बसून ही तजवीज करून टाकावी आणि वर्षअखेरीस शाईच्या खर्चाचे दोन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी मांडून पाहावेत, एवढीच आपल्या बांधवांना आमची विनंती आहे.