चॉकलेट मफिन्स : चवही आणि प्रथिनांचा हिशेबही

मुलगा जिमला जाऊ लागला किंवा मुलगी दुधाचा पेला बाजूला सारून कॉलेजला पळाली की आईला एकच काळजी लागते, 'यांच्या पोटात प्रथिनं जातात तरी किती?' मग सुपर मार्केटमधून प्रोटीन पॅनकेक मिक्सचं महागडं खोकं घरी येतं. पहिल्या रविवारी पॅनकेक हौसेनं खाल्ले जातात. तिसऱ्या रविवारी मात्र 'पुन्हा तेच?' म्हणत नाकं मुरडली जातात आणि उरलेलं पीठ फडताळात पडून राहतं.

ते वाया घालवू नका. त्याच पिठाचे चॉकलेट मफिन्स पाऊण तासात तयार होतात. डब्यातही नेता येतात.

मात्र हे पीठ नेहमीच्या मैद्यासारखं वागत नाही, हे आधी लक्षात घ्या. त्यात गव्हाचं किंवा ओट्सचं पीठ, बेकिंग पावडर आणि बहुधा दुधाची प्रथिनं असतात. पनीर करताना जे पाणी उरतं, त्यातलीच ही प्रथिनं वाळवून भुकटी केलेली असते. उकडल्यावर अंड्याचा पांढरा भाग जसा घट्ट होतो, तशीच ही प्रथिनंही उष्णतेनं घट्ट होतात. म्हणूनच मफिन जरा जास्त भाजला गेला की कोरडा आणि रबरासारखा लागतो. त्यावर उपाय सोपा आहे. पिकलेलं केळं, दही आणि थोडं तेल घाला आणि भट्टीतून वेळेवर बाहेर काढा.

साहित्य : दीड कप (सुमारे १८० ग्रॅम) प्रोटीन पॅनकेक मिक्स, पाव कप बिनसाखरेची कोको पावडर, पाव कप पिठीसाखर किंवा गुळाची पावडर, २ मोठी पिकलेली केळी, अर्धा कप ताजं दही, पाव कप दूध, पाव कप तेल, १ अंडं, १ छोटा चमचा व्हॅनिला इसेन्स, पाव कप चॉकलेटचे तुकडे, चिमूटभर मीठ.

कृती : ओव्हन १८० अंशांवर तापत ठेवा. केळी कुस्करून त्यात दही, दूध, तेल, अंडं आणि इसेन्स फेटून घ्या. दुसऱ्या भांड्यात मिक्स, कोको, साखर आणि मीठ चाळून घ्या. दोन्ही एकत्र करून चमच्यानं हलक्या हातानं कालवा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. जास्त घोटलं तर मफिन चिवट होतात. मिश्रण फार घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध आणखी घाला. चॉकलेटचे तुकडे मिसळून तूप लावलेल्या साच्यांत पाऊण उंचीपर्यंत भरा. १५ ते १८ मिनिटं भाजा. मधोमध टोचलेल्या काडीला ओलं पीठ चिकटलं नाही, एखाद-दुसरा कण लागला, की लगेच बाहेर काढा. एवढ्यात साधारण १० मफिन्स होतात.

काही सूचना : मिक्समध्ये बेकिंग पावडर असतेच. वेगळी घालू नका, नाहीतर कडवट चव येते. अंडं चालत नसेल तर पाव कप दही जास्त घ्या. मिक्स आधीच गोड असेल तर साखर निम्मी करा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या जुन्या कढईत मिठाचा थर द्या, त्यावर जाळी ठेवा आणि झाकण लावून दहा मिनिटं तापवा. मग स्टीलच्या वाट्यांत मिश्रण घालून मंद आचेवर सुमारे २५ मिनिटं भाजा.

आता हिशेब. खोक्यावर १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम प्रथिनं लिहिली असतील तर आपल्या पिठात ४५ ग्रॅम आली. अंडं, दही, दूध, कोको वगैरेंची आणखी १५ ग्रॅमच्या आसपास. १० मफिन्समध्ये वाटली तर प्रत्येकी ६ ग्रॅम, म्हणजे जवळपास एका अंड्याइतकी! वाटीभर घट्ट वरणातूनही तेवढी मिळतात आणि तीही कितीतरी स्वस्तात. तेव्हा खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांना भुलू नका. मागची बारीक अक्षरं वाचा. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर ते खोकं परत ठेवा. घरात कुणाला मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मफिन्स देऊ नका.

आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला साधारण ४६ ग्रॅम. मुलांच्या प्रथिनांची चिंता करणारी आई स्वतः मात्र अनेकदा चहा-पोळीवर सकाळ काढते आणि उरलीसुरली आमटी तिच्या वाट्याला येते. तेव्हा डबे भरताना एक मफिन स्वतःसाठी आधी बाजूला काढा आणि दुपारी वाटीभर उसळही चुकवू नका.