दुसऱ्याच्या ओंजळीने खेळ

१८ जानेवारी २०२३ रोजी गूगलने आपली ‘स्टेडिया’ ही सेवा कायमची बंद केली. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी उत्तर अमेरिका व युरोपातील १४ देशांत ती सुरू झाली, तेव्हा महागड्या यंत्रांचे युग आता संपले, असा डांगोरा पिटला गेला होता. ते नवे युग सव्वातीन वर्षेही टिकले नाही. एक कंपनी धंद्यात हरली, एवढ्यावर हा विषय सोडून देता येत नाही. ज्यांनी पूर्ण किंमत मोजून तेथे खेळ विकत घेतले, त्यांच्या हाती नेमके काय आले होते, हा खरा प्रश्न आहे.

या सेवांचे तंत्र समजण्यास सोपे आहे. व्हिडिओ गेम चालतो तो कंपनीच्या दूरस्थ केंद्रातील शक्तिशाली संगणकावर. आपल्या घरच्या साध्या, जुन्या संगणकावर येते ते केवळ त्याचे चलत्चित्र. आपण कळ दाबली की तो संदेश तिकडे जातो आणि बदललेले चित्र परत येते. चित्र दर सेकंदाला ६० वेळा बदलत असेल, तर एका चित्राच्या वाट्याला १७ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ येतो. काचतंतूतून प्रकाशाला हजार किलोमीटर जाऊन परत येण्यासच सुमारे १० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला १० मेगाबिट वेगाने एक तास खेळले, तर साडेचार जीबी डेटा खर्च होतो. या अडचणी खऱ्या आहेत. पण अभियंते त्यांवर आज ना उद्या मात करतील. खरा दोष तंत्रात नाही. तो करारात आहे.

दुकानातून आणलेली तबकडी आपल्या कपाटात राहते. दुकान बंद पडले तरी ती चालते, मित्राला देता येते, विकताही येते. प्रक्षेपित खेळाचे असे काहीच होत नाही. पावतीवर ‘खरेदी’ असे लिहिलेले असते. व्यवहार मात्र भाड्याचा असतो आणि भाडेकरूला नोटीस कधी द्यायची हे मालक ठरवतो. आपल्याकडे १९४८च्या कूळकायद्याने जमीनमालकाच्या मर्जीला लगाम घातला. या नव्या कुळांना तेवढेही संरक्षण नाही.

स्टेडियाच्या ग्राहकांना खेळांचे आणि गूगलकडून घेतलेल्या उपकरणांचे पैसे परत मिळाले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मासिक वर्गणी मात्र परत मिळाली नाही आणि ज्या खेळांतील प्रगती अन्यत्र नेण्याची सोय नव्हती, त्यांतील शेकडो तासांचे श्रम पुसले गेले. शिवाय धनाढ्य कंपनीने दाखवलेले औदार्य म्हणजे ग्राहकाचा हक्क नव्हे. प्रत्येक कंपनी गूगलइतकी गब्बर नसते. २०१० मध्ये अमेरिकेत ‘ऑनलाइव्ह’ने हाच प्रयोग केला होता. ३० एप्रिल २०१५ रोजी ती सेवा बंद झाली, तिची पेटंटे सोनीने विकत घेतली आणि ग्राहकांची खाती व जतन केलेले खेळ संपले.

खेळ आपल्या मालकीचा आणि यंत्र तेवढे भाड्याचे, अशी एनव्हिडियाच्या ‘जीफोर्स नाऊ’ची रचना आहे. ती अधिक न्याय्य वाटते. परंतु फेब्रुवारी २०२० मध्ये अॅक्टिव्हिजन ब्लिझार्डने आपले खेळ तेथून काढून घेतले आणि ज्यांनी ते विकत घेतले होते, त्यांनाही ते तेथे चालवता येईनासे झाले. पुढे १ जानेवारी २०२५ पासून नव्या वर्गणीदारांवर महिन्याला १०० तासांची मर्यादा आली. नियम मालकाने करायचे, भाडेकरूने ते पाळायचे!

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. ज्या विद्यार्थ्याला लाखभर रुपयांचा संगणक परवडत नाही, त्याने खेळूच नये काय? अवश्य खेळावे. हे तंत्र त्याच्यासाठी उपकारकच आहे. पण गरिबाला सोय दिली म्हणून त्याने हक्क मागू नये, हा कोणता न्याय? उलट ज्याच्याकडे दुसरा पर्यायच नाही, त्यालाच संरक्षणाची गरज अधिक असते. शिवाय हेच तंत्र स्वतःच्या घरीही वापरता येते. घरातील एका सशक्त संगणकावर खेळ चालवून तो दुसऱ्या दुबळ्या यंत्रावर पाहण्याची सोय ‘सनशाइन’ आणि ‘मूनलाइट’ या मुक्त प्रणाली विनामूल्य देतात. तेथे यंत्रही आपले आणि किल्लीही आपलीच!

हा विषय आता आपल्या दारात आला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सची अशी सेवा भारतात सुरू केली. त्याच वर्षी जिओने दूरचित्रवाणीला जोडायचा, दूरस्थ केंद्रातून चालणारा संगणक बाजारात आणला. आज खेळ भाड्याने आहे. उद्या मुलांचे अभ्यासाचे टिपण, घरचा हिशेब, कुटुंबाची छायाचित्रे दुसऱ्याच्या यंत्रावर राहतील.

कायदा आपल्याकडे आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे आणि वाजवी कारणाविना एकाच पक्षाला करार मोडू देणारी अट तीत मोडते. कॅलिफोर्नियाने त्यापुढे पाऊल टाकले आहे. केवळ परवाना दिला जात असताना ते स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ म्हणण्यास तेथील कायद्याने १ जानेवारी २०२५ पासून बंदी केली. आपणही तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत. भाड्याला भाडेच म्हणावे. पूर्ण किंमत घेतली असेल, तर सेवा बंद करताना खेळाची चालती प्रत द्यावी किंवा पैसे परत करावेत. ग्राहकाने जतन केलेली प्रगती त्याला सोबत नेता यावी.

यात अशक्य काहीच नाही. स्टेडिया बंद होताना तेथे आपले खेळ घेतलेल्यांना युबिसॉफ्टने संगणकावरील प्रती दिल्याच होत्या. एका कंपनीला जे जमले, ते सर्वांना बंधनकारक करणे हे सरकारचे काम आहे आणि त्यासाठी आग्रह धरणे हे ग्राहकाचे. तोवर खरेदीची कळ दाबण्यापूर्वी एवढेच पाहावे : दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान, ती ओंजळ उघडेपर्यंतच भागते.