बांधावरील रान आणि हद्दीचा दगड

शेताच्या मध्यभागीं उगवलेलें तण शेतकरी आठवड्याच्या आंत काढून टाकतो. तेंच तण बांधावर उगवलें तर तो दहा वर्षें पाहत राहतो. यांत आळसाचा भाग थोडा आहे. खरें कारण असें कीं, बांध दोघांचा असतो व त्याची साफसफाई कोणीं करावी हें ठरलेलें नसतें. "मीं खर्च करावा आणि शेजाऱ्यानें आयतें घ्यावें काय?" हा प्रश्न इकडचाही विचारतो व तिकडचाही. तोंवर घाणेरी, वेडी बाभूळ व गाजरगवत हीं कोणाचीही संमति न घेतां दोन्ही बाजूंस पसरत असतात.

आपल्या नाशिक जिल्ह्यांत पुष्कळ कुटुंबें गांवठाण सोडून मळ्यांत वस्ती करून राहतात. त्यामुळें जो शेताचा बांध तोच घराच्या परसाचीही हद्द होतो. अशा ठिकाणीं घाणेरीची जाळी माजली म्हणजे घोणस व नाग यांना आसरा मिळतो. निफाड, सिन्नर व दिंडोरी या तालुक्यांत तर बिबट्याचा वावर आहे. त्याला ऊंस प्रिय हें खरें, पण ऊंस तुटल्यावर दडायला ओट्यापासून वीस पावलांवर झुडूप आपणच राखून ठेवावें, हें शहाणपणाचें नव्हे.

नुकसानीचा हिशेबही करून पाहावा. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, व एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. बांध २० साखळ्या लांब असेल व झुडपांनीं दोन्ही बाजूंचें मिळून १० फूट रान धरलें असेल, तर सुमारें ६ गुंठे जमीन पिकाबाहेर गेली. सातबाऱ्यावर मात्र ती लागवडीचीच दिसते.

आपल्या वाडवडिलांच्या काळीं हीच तक्रार फड्या निवडुंगाविषयीं असे. १९२६ सालीं सिलोनहून आणलेल्या एका किड्यानें दक्षिण हिंदुस्थानांतील निवडुंगाचीं बेटें कांहीं वर्षांत बसवलीं. गाजरगवताच्या बाबतींत तशी आशा धरून बसण्यांत अर्थ नाहीं. हें गवत १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम नजरेस आलें. त्यावर मेक्सिकोचा भुंगा १९८४ सालीं बंगळूरास सोडण्यांत आला. तो पावसाळ्यांत पानें खातो, परंतु गवत निर्मूळ होत नाहीं. एकेका झाडास हजारों बिया येतात, व उगवल्यापासून महिन्याभरांत तें फुलावर येतें. म्हणून फूल दिसण्यापूर्वीं, जमीन ओली असतांना, हातांत मोजे घालून तें मुळासकट उपटावें. उघड्या हातानें उपटणाऱ्यांस पुढें खरजेचा जो त्रास होतो तो जन्माचा सोबती ठरतो. मोकळ्या जागीं टाकळ्याचें बीं टाकल्यास गाजरगवत दबतें, शिवाय कोवळा पाला भाजीस होतो.

घाणेरी कोयत्यानें तोडणें म्हणजे तिची छाटणी करणें होय. ती दुप्पट फुटते. जमिनीखालीं तीन-चार इंचांवर मूळ कुदळीनें तोडावें आणि झुडूप मुळ्या वर करून उलटें ठेवून वाळवावें. तिचीं फळें पिकण्यापूर्वीं हें काम झालें पाहिजे, कारण बुलबुल व साळुंक्या तिचें बीं झाडाखालीं टाकतात. वेडी बाभूळही बुंध्याशीं तोडून मरत नाहीं; तिचा गड्डा खणूनच काढावा लागतो.

कित्येक जण या कष्टांपेक्षां फवाऱ्याचा मार्ग पत्करतात. द्राक्षबागाइतदारांच्या या जिल्ह्यांत त्याचा धोका सांगणें अवश्य आहे. टू-फोर-डी या तणनाशकाचे तुषार वाऱ्यावर शेजारच्या बागेंत गेले तर वेलीचीं पानें आखडतात व घड जातात. ग्लायफोसेटचा वापर तर केंद्र सरकारनें २०२२ सालीं कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांपुरता मर्यादित केला आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत कारकुनीवर गेली. बांध कोरल्याचे जे अर्ज हातांखालून गेले, त्यांतील पुष्कळांच्या मुळाशीं लोभ नव्हता, रान होतें. एका प्रकरणांत एका खातेदारानें, हेतु चांगलाच होता, यंत्र लावून एका सकाळींत सर्व बांध साफ केला. घाणेरी गेली आणि तिच्या पोटांतला हद्दीचा दगडही गेला. शेजाऱ्यानें अर्ज दिला, मोजणी झाली, आणि हद्द बहुतेक पूर्वींच्याच जागीं निघाली. कोणास एक हातही जमीन अधिक मिळाली नाहीं. पण मधल्या तीन वर्षांत दोन्ही घरांचें जाणें-येणें तुटलें व वहिवाटीचा रस्ता बंद पडला तो वेगळाच.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४० प्रमाणें आपल्या जमिनीच्या हद्दीच्या निशाण्या सुस्थितींत राखण्याची जबाबदारी खातेदारावर आहे; कलम १४५ प्रमाणें त्या जाणूनबुजून नाहींशा करणारा दंडास पात्र होतो. म्हणजे दगड रानांत बुडूं देणें हेंही कर्तव्यास चुकणेंच आहे, आणि रान काढतांना दगड उखडणें हें तर त्याहून वाईट.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, बांध एकट्यानें साफ करूं नये. शेजाऱ्यास आठ दिवस अगोदर चिठ्ठी द्यावी, दोन्हीं घरांतील एकेक कर्ता माणूस हजर असावा, आणि प्रथम कोयता व पहार घेऊन हातानें दगड उघडे करावे. दगड न सांपडल्यास अंदाजानें दुसरा पुरूं नये. भूमि अभिलेख कार्यालयांतून मोजणी मागावी, व तिची फी दोघांनीं वाटून घ्यावी. यंत्र आणणें असेल तर दगडांभोंवतीं खुंट्या ठोकल्यावर. शेजारी ऐकतच नसेल, तर आपली बाजू तेवढी हातानें साफ करावी आणि मधली पट्टी तशीच ठेवावी. थोडें रान राहिलेलें पुरवतें.

साफसफाईच्या भरांत बांध बोडका करण्याची चूक मात्र सर्रास होते. लिंब, बोर, निरगुडी हीं बांध धरून ठेवतात, तीं राखावीं. आंबा, चिंच, जांभूळ व खैर यांस तर १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाप्रमाणें परवानगीशिवाय हात लावतां येत नाहीं. झुडपें निघालेल्या जागीं मारवेल गवताचीं ठोंबें पहिल्या पावसांतच लावावीं, नाहीं तर श्रावणांतील पाणी बांधाची माती खालच्या शेतांत नेईल आणि अर्ज पुन्हां कचेरींत येईल. दगडांस दिवाळीच्या सुमारास चुन्याचा हात द्यावा. कामाला अर्धा तास लागतो, आणि तो दोघांनीं मिळून द्यावा.